पोच

(आमच्या तालुक्याच्या गावी गुरुजींच्या स्मृतिदिनी भरणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आधी एक कबुली देतो. या व्याख्यानाचं निमंत्रणपत्र मला महिन्यापूर्वी मिळालं. त्यात माझं आडनाव चुकीचं छापलेलं होतं. मी ते वाचलं, हसलो आणि खिशात ठेवलं. आज इथे आलो तर बाहेरच्या फळ्यावरही तेच आडनाव, आणि आत्ता निवेदकांनीही तेच वाचलं. गुरुजी असते तर त्यांनी खडू मागून घेतला असता आणि फळा दुरुस्त करूनच आत पाऊल टाकलं असतं. मी मात्र सभ्य माणूस. त्यामुळे पुढचा तासभर मी तुमच्यासमोर दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने बोलणार आहे.

विषयाला यापेक्षा चांगली प्रस्तावना मला सुचली नसती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आम्हा निवृत्तांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण अजून आहोत, असं कागदावर कळवायचं. काही वर्षांपूर्वी मी तो वेळेवर दिला, तरी पुढच्या महिन्याचं निवृत्तिवेतन जमा झालं नाही. बँकेत गेलो. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "काका, सिस्टीममध्ये तुम्ही नाही आहात." मी दुसरा दाखला दिला. पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. गेलो. साहेब रजेवर. त्याच्या पुढच्या आठवड्यात सर्व्हर डाऊन. त्याच्याही पुढच्या आठवड्यात पहिल्यासारखंच. आणि प्रत्येक वेळी काउंटर सोडताना मी न चुकता म्हणालो, "थँक्यू हं."

बँकेत मी गप्प होतो, पण घरी नव्हतो. संध्याकाळी स्टँडमागच्या कट्ट्यावर तर अजिबात नव्हतो. तिथे मी हा प्रकार इतका रंगवून सांगितला की मंडळी पोट धरून हसली. "आता सरणावरून उठून सांगावं लागणार, की बाबांनो, गेलो एकदाचा, नोंद करा!" अशी माझी शेवटची टाळीची जागा होती. दुसऱ्या दिवशी तो किस्सा पुन्हा सांगण्याची फर्माईश झाली. तिसऱ्या दिवशी मी त्यात थोडी भर घातली.

गुरुजी कट्ट्याच्या टोकाला बसलेले असायचे. त्यांनी मला तिसरीत पाढे शिकवले होते, त्यामुळे मी साठी ओलांडली तरी त्यांच्या लेखी 'अरे-तुरे'च होतो. सगळं हसणं ओसरल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पोच घेतली होतीस का रे?"

"नाही."

"मग हे सगळं कुणाला सांगतोयस?"

पोच हा मोठा गमतीचा शब्द आहे. कागद मिळाला म्हणून सही-शिक्का करून देतात ती पोच. एखाद्याची मजल कुठवर, ती त्याची पोच. आणि माणसाला कुठे काय बोलावं हे कळत नसेल, तर 'त्याला पोच नाही' म्हणतात. मला त्या दिवशी तिन्ही नव्हत्या. माझं बोलणं ज्याला ऐकू जायला हवं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि ते पोचलं नाही याची मला खंतही नव्हती, कारण कट्ट्यावर टाळी मिळाली होती.

आपण म्हणतो की मराठी माणूस वाईट सेवा निमूट सोसतो. यातला 'निमूट' मला पटत नाही. आपण भरपूर बोलतो. रांगेत पुढच्याशी बोलतो, घरी बायकोशी बोलतो, कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप गटावर तर निबंध लिहितो. आपल्याकडे दुपारी एक ते चार बंद असलेल्या दुकानांवर, गिऱ्हाईकाकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या दुकानदारांवर विनोदाची एक समृद्ध परंपरा आहे. पु. ल. देशपांड्यांनी पुणेरी दुकानदार अजरामर केला. आपण ते ऐकून हसलो, आणि मग त्याच दुकानात जाऊन तसाच अपमान जरा कौतुकाने करून घेऊ लागलो. तो दुकानदारही आता विनोदाला जागतो! ज्या गोष्टीचा किस्सा होतो तिची तक्रार होत नाही, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. किस्सा वाफ सोडून देतो. भात शिजायला तीच वाफ लागते.

हे मी अधिकाराने सांगू शकतो, कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलेलो आहे. पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं कारकुनी केली. टेलचा शेतकरी, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या टोकाचा, पाणीपाळी संपली तरी पाणी मिळालं नाही म्हणून यायचा. आवाज व्हरांड्यात असतानाच ऐकू यायचा. आमच्या हेडक्लार्कनी मला पहिल्याच आठवड्यात धडा दिला होता. ओरडणाऱ्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, चहा सांगायचा, मध्ये बोलायचं नाही. वीस मिनिटांत माणूस रिकामा होतो. मग 'बघतो' म्हणायचं. तो निवळून जायचा, कधी कधी आभार मानून जायचा, आणि त्याच्या चारीला पुढच्या पाळीलाही पाणी जायचं नाही. चहा आमच्या खात्यात स्वस्त होता.

आम्हाला धाक वाटायचा तो वेगळ्याच माणसाचा. तो शांतपणे यायचा, बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, अर्ज द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन निघून जायचा. त्याला आम्ही चहा पाजायला जायचो तर तो म्हणायचा, नको, घाई आहे. कागदाला एकदा आवक क्रमांक पडला की तो कुणाच्या तरी नावावर चढतो. महिन्याच्या गोषवाऱ्यात 'प्रलंबित' या रकान्यात दिसतो. वरिष्ठांच्या बैठकीत त्याच्यावर बोट ठेवलं जातं. त्यावर 'दप्तरी दाखल' असा शेरा मारून तो पुरून टाकता येतो, नाही असं नाही. आम्ही पुष्कळ पुरले. पण तो शेरा मारायलाही खाली सही लागते, आणि ती सही करताना हात क्षणभर थबकतो. ३१ वर्षांत मला जी काही लाज वाटली, ती बहुतेक त्या क्षणांत वाटली.

अनेक बँकांत आणि दुकानांत ग्राहकाची थोरवी सांगणारी एक पाटी असते, खाली महात्मा गांधींचं नाव. ती वाक्यं त्यांचीच, याला भरवशाचा आधार नाही. पण त्यांनी खरोखर लिहिलेली एक तक्रार आहे, ती मात्र कुणी भिंतीवर लावत नाही. २५ सप्टेंबर १९१७ रोजी रांचीहून त्यांनी वृत्तपत्रांसाठी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक पत्र लिहिलं. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मुंबईहून मद्रासला मेलने निघालो, भाडं १३ रुपये ९ आणे दिलं, डब्यावर २२ प्रवाशांची पाटी होती, असा त्याचा थाट आहे. मग घाण, गर्दी, संडासांची अवस्था, सगळं क्रमाने. संतापाला जागा आहे, पण आधी तारीख, भाडं आणि आकडा. सुटकेचा सोपा मार्ग, वरच्या वर्गाचं तिकीट, त्यांना केव्हाही मिळालं असतं. त्यांनी तो घेतला नाही म्हणून त्या पत्राला वजन आलं. याच मुद्द्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही शिस्त बायकांनी आणली, असं माझं मत आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाई भडकली तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बायका उतरल्या. ते दृश्य सगळ्यांना आठवतं. त्यामागोमाग जे झालं ते तितकं दृश्य नव्हतं. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. गायक-संगीतकार सुधीर फडके यांचं नावही या कामाशी जोडलेलं आहे. मुंबईची पद्धत मला विशेष आवडते. शेजारपाजारच्या काही घरांचा एक संघ, महिन्याच्या सामानाची यादी आधी द्यायची, घाऊक खरेदी व्हायची, आणि सामान आलं की बायकांनीच ते मोजून आपसात वाटून घ्यायचं. दुकानदाराशी भांडत बसण्यापेक्षा काटा आपल्या हातात घेतला. तूरडाळीत खडे किती निघतात ही चर्चा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि यादीवर, दरावर, मालाच्या नमुन्यावर आली.

पुढे २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९३ च्या नोव्हेंबरात लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी प्राधिकरणंही सेवाच देतात, आणि सामान्य माणसाच्या छळाची भरपाई सरकारी तिजोरीतून झाली तर ती जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करा. हा निकाल आमच्या कार्यालयात आला तेव्हा दोन दिवस सगळे जण फायली वेळेवर काढत होते. दोनच दिवस. आता २०१९ चा नवा कायदा आहे. वस्तूसाठी किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे. हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लक्षात ठेवायला सोपा, गांधीजी आफ्रिकेतून कायमचे परतले ते साल. सरकारी कामांसाठी आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात तर अर्जाची पोच देणं हे कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. आणि हेही सांगतो, म्हणजे उद्या कुणी मला शिव्या देणार नाही: ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, वर्षं जातात. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कुणी उगाच केलेली नाही.

पण मला काळजी आहे ती पायरीच्या बरीच आधीची. आपल्यावर अडवणुकीची वेळ आली की पहिला प्रश्न कोणता येतो? "तिथे कुणी ओळखीचं आहे का?" हे आपलं खरं तक्रार-निवारण. माझ्या मेहुण्याचा वर्गमित्र विभागीय कार्यालयात होता, हे मला तिसऱ्या आठवड्यात आठवलंसुद्धा. एक फोन झाला असता, माझं काम झालं असतं, आणि माझ्या मागे रांगेत उभी असलेली माणसं तशीच उभी राहिली असती. ओळख म्हणजे रांगेतून अलगद बाहेर काढणारा मागचा दरवाजा. तो ज्यांना असतो ते नेमके बोलू-लिहू शकणारे लोक असतात.

अल्बर्ट हिर्शमन नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते. १९७० साली त्यांनी एका छोट्या पुस्तकात मांडलं की एखादी संस्था बिघडू लागली की तिच्या गिऱ्हाइकांपुढे दोन वाटा असतात, सोडून जाणं किंवा बोलणं. आपल्याला वाटतं, लोक सोडून जायला लागले की संस्था घाबरेल आणि सुधारेल. त्यांनी नायजेरियातल्या रेल्वेचं उदाहरण घेतलं. मालट्रकांची स्पर्धा आली तरी रेल्वे सुधारली नाही, कारण ज्यांनी सर्वात मोठ्याने आरडाओरडा केला असता तेच सगळ्यांत आधी ट्रककडे गेले. मागे उरले ते न बोलणारे.

हे वाचलं तेव्हा मला नायजेरिया दिसला नाही, आपला एस.टी. स्टँड दिसला. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एस.टी. धावली. आमच्या लहानपणी त्या गाडीत मामलेदार, डॉक्टर, हायस्कुलाचे हेडमास्तर आणि बाजाराला निघालेली म्हातारी एकाच बाकावर असायची. गाडी उशिरा आली की हेडमास्तर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जायचे आणि तक्रारवही मागायचे. म्हातारीचाही उशीर त्यात मोजला जायचा. मग हेडमास्तरांनी स्कूटर घेतली, डॉक्टरांनी मोटार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्यांची मुलं निघाली, सरकारी दवाखान्यातून त्यांचे पेशंट निघाले. त्यांना दोष देत नाही. मीही माझ्या मुलाला इंग्रजी शाळेत घातलंच. तक्रारवही अजून तिथेच असेल. मागणारे हेडमास्तर गेले.

आणि जे उरले त्यांना 'बोला' असं सांगणं किती सोपं आहे! गुरुजींनाही आधी तसंच वाटायचं. निवृत्तीनंतर ते दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, बँकेसमोरच्या कडुलिंबाखाली बसायचे. पिशवीत कोरे कागद, दोन कार्बन पेपर आणि एक स्प्रिंगचा काटा. ज्याला हवा त्याला अर्ज लिहून द्यायचा, तीन प्रतींत. एकदा एक शेतमजूर बाई तीन मंगळवार खेटे घालून रडकुंडीला आलेली. काउंटरवरून तिला 'ए म्हातारे' अशी हाक, अंगठा घेतला, पैसे नाहीत, उद्या ये. गुरुजींनी तिचं सगळं ऐकलं, अर्ज लिहिला, वाचून दाखवला. ती म्हणाली, "गुरुजी, लिवलंय चांगलं. पण तुमी लिवून घरी जाणार. मला पुन्यांदा तितंच जायाचं हाय."

गुरुजींनी अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. "मी तिला भित्री समजलो असतो रे," म्हणाले, "पण हिशेब तिचा बरोबर होता. माझा चुकला. बोलण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. मला पडते चार आणे, तिला पडते महिन्याची मजुरी." पुढच्या मंगळवारी त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज दिला. कुणा बाईचा उल्लेख नाही. मी इथला खातेदार आहे, अमुक तारखेला अमुक वेळी काउंटरवर वयस्कर खातेदारांना एकेरीत बोलताना मी ऐकलं, एवढंच. पोच घेतली. त्या काउंटरवर पुढे 'आजी' ऐकू यायला लागलं, असं मंडळी सांगतात. पैसे वेळेवर मिळायला लागले का, ते कुणी सांगत नाही.

हे सांगितल्यावर 'सोसणं म्हणजे भ्याडपणा' असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कधी कधी आपण समोरच्याकडे पाहून गप्प बसतो, आणि ते बरोबरही असतं. गॅसच्या सिलिंडरचंच घ्या. आत १४.२ किलो गॅस हवा, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच उमटवलेलं असतं, आणून देणाऱ्याकडे काटा हवा, आणि पावतीवरच्या रकमेत घरपोच देणं धरलेलं असतं. (बघा, इथेही पोच आलीच.) तरी वरचे वीस रुपये आपण देतो. का? तर तो पोरगा तीस किलो खांद्यावर घेऊन तीन जिने चढलेला असतो, म्हणून. यात दया आहे, थोडी भीती आहे, पुढच्या वेळी तो आपला सिलिंडर मागे ठेवील ही, आणि बराचसा आळस आहे. कोणतं किती हे आपण कधी तपासत नाही.

गुरुजी तपासायचे. ते काटा लावायला सांगायचे, वजन बघायचे, पावतीएवढेच पैसे मोजून द्यायचे. मग त्या पोराला आत बसवून चहा द्यायचे आणि वीस रुपये हातावर ठेवायचे. "हे मी देतोय. तू घेत नाहीयेस." आणि मग एजन्सीला पत्र: आपल्या माणसाला दर सिलिंडरमागे काय मिळतं, ते कळवावं. या पत्राला उत्तर कधीच आलं नाही. त्याची पोच मात्र त्यांच्या फायलीत आहे. त्यांच्या मुलीने मला परवा दाखवली.

आमच्या कार्यालयातला चहा आणि गुरुजींचा चहा यांत काय फरक, असं कुणी विचारेल. आम्ही चहा हिशेबाऐवजी द्यायचो. ते हिशेब झाल्यावर द्यायचे.

माझ्या निवृत्तिवेतनाचं काय झालं हे सांगायचं राहिलं. गुरुजींनी कट्ट्यावरून उठवून मला घरी नेलं आणि समोर बसवून अर्ज लिहायला लावला. मी पहिल्या मसुद्यात 'अत्यंत खेदाने' असं काहीतरी लिहिलं होतं. ते त्यांनी खोडलं. "खेद तुझा. त्यांना तारीख सांग." अर्ज गेला आणि नवव्या दिवशी थकबाकी जमा झाली. अर्जामुळे झाली की होणारच होती, देव जाणे. पण कट्ट्यावरचा माझा किस्सा मात्र त्या दिवसापासून बंद पडला. त्याचं मंडळींना अजून वाईट वाटतं.

गुरुजी गेले त्याला आता दोन वर्षं झाली. गेल्या नोव्हेंबरात मी पुन्हा बँकेत गेलो. रांग दारापर्यंत. माझा नंबर आला, दाखला दिला, आणि झेरॉक्स प्रत पुढे सरकवली. "यावर पोच द्या." मुलगी नवीन होती. तिने विनातक्रार शिक्का उचलला आणि दाणकन मारला. मी प्रत घेतली, घडी घातली, दोन पावलं बाजूला झालो. मग, सवय लागलेली, घडी उघडून पाहिलं. शिक्क्यावर तारीख कालची होती.

जाऊ दे, असं मनात आलं. खरंच आलं. एका दिवसाने काय होतंय. मागे एवढी रांग. मी पुन्हा काउंटरकडे वळलो तेव्हा माझेच कान तापले होते. म्हटलं, "बाई, तारीख बदलायची राहिली आहे."

तिने शिक्का उलटा करून पाहिला. "अगं बाई! सकाळपासून मी हीच मारतेय." मग तिने अंगठ्याने ते रबरी चाक पुढे सरकवलं, कोऱ्या कागदावर एकदा मारून बघितलं, आणि माझ्या प्रतीवर जुन्या शिक्क्याशेजारी नवा मारला.

एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आटपा की हो आजोबा, आम्हाला कामं नाहीत का?"

त्या रांगेतले निम्मे लोक मला आत्ता इथे समोर बसलेले दिसताहेत. तुमच्यापैकी किती जणांकडे पोच आहे, आणि तिच्यावर तारीख कुठली आहे, ते घरी गेल्यावर बघा. आणि जाता जाता बाहेरच्या फळ्याजवळ मला एक खडू मिळाला तर बरं होईल.